आठची प्रार्थना

परवा माझ्या भाचीनं फोनवर विचारलं, मावशी, मी यूट्यूबवर चांगले संदेश, म्हणजे प्रवचनं, ऐकते, रोज प्रार्थना करते, आमचा ऑनलाइन ग्रुप पण आहे, मग रविवारी चर्चला गेलंच पाहिजे का. तिला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, कारण मी स्वतः दीड-दोन वर्षं चर्चची पायरी चढले नव्हते आणि ते घरात सोडून कुणाला फारसं माहीत नाही. म्हणून हे लिहायला बसलेय. तिच्यासाठी म्हणा, माझ्यासाठी म्हणा.

२२ मार्च २०२० ला रविवार होता, जनता कर्फ्यूचा दिवस. आदल्या दिवशीच मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ग्रुपवर पाळकसाहेबांचा मेसेज आला की उद्या उपासना होणार नाही, सगळ्यांनी आपापल्या घरी पवित्र शास्त्र वाचून प्रार्थना करावी. मी मूळची नगरची, लहानपणी अंगात कणकण असली तरी आई म्हणायची चल, चर्चमधे बसलीस की बरं वाटेल, आणि लग्न होऊन पुण्यात वडगाव शेरीला आले तरी रविवार सकाळ म्हणजे साडी, बायबल, गायनाचं पुस्तक आणि मुलांच्या हातात दानाचे सुट्टे पैसे, हे कधी चुकलं नव्हतं. त्या दिवशी मी सवयीनं साडी नेसले आणि हॉलमधे बसून राहिले. मिस्टरांनी स्तोत्र वाचलं, मुलांनी प्रभूची प्रार्थना म्हटली, अकरा मिनिटांत सगळं आटपलं. मग काय करायचं ते कुणालाच कळेना.

झूम मुलानं फोनवर घालून दिलं, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार होता, येशू यरुशलेमात आला त्याची आठवण म्हणून त्या दिवशी झावळ्या हलवतात, त्याच रात्री नऊ वाजता देशभर दिवे लावले होते ते आठवत असेल. मुलीनं बाल्कनीतल्या कुंडीतलं एक पान कापून कॅमेऱ्यासमोर हलवलं आणि तिकडून नगरहून आईनं तिचं बघून झेंडूचा हार हलवला, झावळी कुठून आणणार ती. नंतरच्या शुक्रवारी, म्हणजे उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, आम्ही येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांना वाटून दिले. मामा नाशिकहून, आत्या मिरजेहून, चुलतभाऊ बहारीनहून, दादा नगरहून, असं करत सात घरांतून. इतकं सगळं आमचं खानदान एका उपासनेत लग्नाशिवाय कधी आलं नव्हतं. मला आठवतंय मी त्या दिवशी मिस्टरांना म्हटलं, हे आधी का नाही सुचलं कुणाला.

मग रोज रात्री आठला सुरू झालं. नाव काही नव्हतं, सगळे 'आठची प्रार्थना' म्हणायचे. चाळीस मिनिटं फुकट मिळायची, त्यात एक गीत, एक वचन, मग विनंत्या आणि प्रार्थना. मामांची प्रार्थना अर्धवट असतानाच मीटिंग तुटायची, परत लिंक टाकायची, परत सगळे यायचे आणि मामा जिथं थांबले होते तिथून पुढं चालू करायचे. आईला नगरला शेजारचा मुलगा मोबाईल लावून द्यायचा, ती फोन इतका जवळ धरायची की आम्हाला तिचं फक्त कपाळ आणि पदराची किनार दिसायची, रोज.

गाण्याचं मात्र जमेना. माझा दादा पेटी वाजवायचा. नगरच्या आमच्या मंडळीत पेटी त्याच्याच हातात, वडलांनंतर. नारायण वामन टिळकांची ख्रिस्ती भजनं तर अशी उचलायचा की तबला नसला तरी लोक टाळी धरायचे. झूमवर त्यानं भाता ओढला की पहिले दोन सूर यायचे आणि पेटी गायबच व्हायची, नुसता त्याचा आवाज राहायचा. आम्हाला वाटलं नेटचा प्रॉब्लेम. मुलानं शोधून काढलं की ते अ‍ॅप एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर समजतं आणि दाबून टाकतं, सेटिंगमधे जाऊन 'ओरिजिनल साउंड' चालू करावं लागतं. ते केलं आणि पेटी आली. पण सगळे एकत्र गायला लागले की प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या वेळी पोचायचा, कडवं कुणाचं संपतंय, कुणाचं सुरू होतंय, शेवटी दादा सोडून बाकी सगळ्यांना म्यूट करायचं ठरलं. म्हणजे दादा गातोय, वाजवतोय, आणि आम्ही वीस घरांतून आपापल्या हॉलमधे त्याच्याबरोबर गातोय, पण ऐकू येतोय फक्त दादा आणि आपला स्वतःचा आवाज. तेव्हा यात काही वावगं वाटलं नव्हतं.

एकत्र प्रार्थनेचंही तेच झालं. आमच्याकडे मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी मागण्याच्या, वेळी सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थना करतात, ही पद्धत जुनी आहे, १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधे जे संजीवन, म्हणजे विश्वासाची मोठी जागृती, झालं त्यात शेकडो बायका-मुली एकाच वेळी मोठ्यानं रडत, प्रार्थना करत होत्या, आत्या ते तिच्या आजीकडून ऐकलेलं सांगायची. झूमवर सगळे एकदम बोलले की एकाचा आवाज वर येतो, बाकीचे तुटतात. मग नंबर लावून प्रार्थना. ज्यांना चारचौघांत बोलायचं धाडस नव्हतं, जे चर्चमधे त्या मोठ्या आवाजात आपलं गाऱ्हाणं हळूच देवाला सांगून घ्यायचे, ते नंबर आला की म्हणायचे, माझं काही नाही, पुढं चला.

प्रभुभोजनाचा, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा, प्रश्न तर फार अवघड होता. आमच्या पाळकसाहेबांनी बरेच दिवस नाही म्हटलं, मग एका रविवारी सांगितलं की घरी भाकर आणि रस तयार ठेवा, मी इथून प्रार्थना करतो. लॉकडाऊनमधे द्राक्षं कुठली, मी काळे मनुके रात्रभर भिजवून उकळून गाळले, पोळीचे तुकडे केले. माझी ऑफिसातली मैत्रीण वसईची, कॅथलिक, ती म्हणाली आमच्यात असं चालत नाही गं, आम्ही मिस्सा, म्हणजे आमची उपासना, टीव्हीवर बघतो आणि ख्रिस्ताला मनानं ग्रहण करायची प्रार्थना म्हणतो, भाकर फादरच्या हातूनच. २७ मार्चला पोप फ्रान्सिस व्हॅटिकनच्या रिकाम्या चौकात पावसात एकटे उभे राहून प्रार्थना करत होते ते तिनं रात्री जागून बघितलं आणि मला म्हणाली, मी इतकी रडले की बस, पण ती भूक काही गेली नाही. 'भूक' हा शब्द तिनं वापरला. मी मात्र मनुक्यांचा रस प्यायले आणि वाटी बेसिनमधे विसळायला ठेवली, तेव्हा काहीतरी खटकलं होतं. विचार केला नाही.

मामा आमचे रिटायर्ड मास्तर. ते एकदा आठच्या प्रार्थनेत बोलले की चर्चच्या भिंती लागतातच असं नाही, आपल्या नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे त्यात. आपला हा दरबारच आहे, म्हणाले. सगळ्यांना फार आवडलं. मलाही. दोन वर्षांत, १९१९ ला, टिळक गेले आणि दरबार काही फार टिकला नाही, हे दादानं मला नंतर वेगळा फोन करून सांगितलं. म्हणाला, मामांना बोलू नको, त्यांना आनंद झालाय, पण कुणीतरी माणूस दारात उभा लागतो गं, तो गेला की दरबार पांगतो.

दादा एप्रिल २०२१ मधे आजारी पडला. आदल्या नोव्हेंबरला दिवाळी पाडव्याच्या दिवशी प्रार्थनास्थळं उघडली होती ती एप्रिलला परत बंद झाली, नगरमधे बेड मिळत नव्हते, मिळाला तेव्हा ऑक्सिजन लावून लगेच आत घेतलं. आम्ही साखळी प्रार्थना लावली, चोवीस तास, एकेक तास वाटून. बहारीनचा भाऊ अडीच तास मागं, म्हणून रात्रीचे एक ते दोन त्याचे, दोन ते तीन माझे. चार रात्री मी किचनच्या फरशीवर बसून, फोन तांदळाच्या डब्याला टेकवून प्रार्थना केली, समोर बहारीनचा भाऊ त्याचा तास झाला तरी जायचा नाही, थांबून राहायचा, कॅमेऱ्यात त्याचं टक्कल आणि मागं एसीचा दिवा दिसायचा. त्या चार रात्रींबद्दल कुणी मला म्हणालं की ऑनलाइन प्रार्थना खरी नसते तर मी ऐकून घेणार नाही. ती खरी होती. मी आयुष्यात तशी प्रार्थना त्याआधी केली नव्हती.

चौथ्या दिवशी पहाटे दादा गेला.

माती द्यायला चार जण, किट घालून. वहिनीला लांबून पाहू दिलं. पुतण्यानं कब्रस्तानाच्या गेटपासून मोबाईल धरला होता, त्याचा हात हलत होता त्यामुळे कधी आभाळ, कधी लिंबाचं झाड, कधी त्याचाच बूट. पाळकसाहेबांनी तिथूनच वचन वाचलं. 'मातीला माती' म्हणायची वेळ आली तेव्हा माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक, मी बाल्कनीत जाऊन कुंडीतली मूठभर माती घेऊन आले. हातात माती घेऊन मी स्क्रीनसमोर उभी, आणि ती टाकायची कुठं. शेवटी परत कुंडीतच टाकली. आशीर्वाद झाला, पुतण्यानं फोन बंद केला, स्क्रीनवर आलं की होस्टनं मीटिंग संपवली आहे. नखांत माती होती. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या होत्या, मुलं जेवायची होती. बहीण भाऊ गेला की घरात चटया टाकतात, बायका येऊन नुसत्या बसतात, कुणी चहा करतं, कुणी भांडी घासतं, कुणी मधेच एखादं गीत धरतं, ते काही नाही. सांत्वनाचे मेसेज आले, दोनशेच्या वर असतील, बहुतेकांत तेच मेणबत्तीचं चित्र.

त्यानंतर आठच्या प्रार्थनेत मी कॅमेरा बंद ठेवून बसायचे. कुणी काही म्हटलं नाही, आणि म्हणणार तरी काय, काळ्या चौकोनात नाव दिसत होतं म्हणजे मी आहे. मी रडत असायचे, कधी भाजी निवडत असायचे, कधी नुसतं लॉगिन करून झोपलेली असायचे. पेटी नव्हती, कुणीतरी यूट्यूबवरचं गाणं लावायचं. जूनला पंधरा जण, पावसाळा संपेपर्यंत चार, आणि मग एक दिवस लिंक कुणी टाकलीच नाही.

७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी, सगळी प्रार्थनास्थळं परत उघडली. मिस्टर आणि मुलं चर्चला जायला लागली. मी नाही. आधी म्हटलं गर्दी नको, मग म्हटलं गुडघा दुखतोय, मग कुणी विचारायचं बंद झालं. खरं कारण हे की चर्चमधे लोक दादाबद्दल विचारतील आणि मला चेहरा झाकता येणार नाही. घरी मी संदेश ऐकायचे, भरपूर ऐकायचे, आणि हे मान्य केलं पाहिजे की त्यातून शिकले पण. बायबलमधलं रोमकरांस पत्र मी जन्मात इतकं बारकाईनं वाचलं नव्हतं जितकं त्या वर्षी एका ऑनलाइन वर्गात वाचलं. पण सवय कशी लागली बघ, संदेश आवडला नाही की बदलायचा, लांबला की स्पीड वाढवायचा, टोचायला लागला की बंद. मला बोचेल असं काही माझ्यापर्यंत येऊच शकत नव्हतं, सगळं माझ्या अंगठ्याखाली होतं.

एक मोठी ऑनलाइन सेवा होती, नाव घेत नाही, लाखो लोक बघतात. त्यांचा प्रार्थना विनंतीचा नंबर होता. दादाच्या पहिल्या वर्षाला मी त्यावर लिहिलं, सगळं लिहिलं, पहिल्यांदाच कुणालातरी कुंडीतल्या मातीचं सांगितलं. मिनिटभरात उत्तर आलं, तुमची विनंती मिळाली, तुमच्या विजयाची साक्ष आम्हाला नक्की कळवा, आणि खाली दानासाठी क्यूआर कोड. मशीननं पाठवलेलं होतं, माणूस नव्हताच तिकडं, आता कळतं. त्या दिवशी मला वाटलं मी देवाच्याच दारात उभी होते आणि आतून कुणी बघितलं पण नाही. त्यानंतर मी संदेश ऐकणंही सोडलं. सहा-सात महिने काहीच नाही. प्रार्थना नाही, वाचन नाही.

नोव्हेंबर २०२२, कापणीच्या सणाचा रविवार. आमच्याकडे त्या दिवशी लोक धान्य, भाज्या, नारळ, कोंबड्या, घरचं लोणचं असं सगळं वेदीपुढं आणून ठेवतात आणि उपासना झाली की अंगणात लिलाव होतो. दुपारी दीडला बेल वाजली. महिला मंडळातल्या एक मावशी, वय सत्तरच्या पुढं, लिफ्ट बंद होती म्हणून तीन मजले चढून आलेल्या, काखेत लाल भोपळा. दारातच म्हणाल्या, तुझ्या नावानं बोली लावली मी, तीनशेला पडला, पैसे सावकाश दे. आत आल्या, पाणी प्यायल्या, कुठं होतीस, का येत नाहीस, एक अक्षर नाही. म्हणाल्या विळी आण. आम्ही दोघी खाली बसून तो भोपळा चिरला, त्या बिया वेगळ्या काढून ताटलीत ठेवत होत्या, आणि बिया काढता काढताच म्हणाल्या, तुझा दादा एकदा आपल्याकडे कन्व्हेन्शनला आला होता बघ, पेटीचा एक सूर बसला होता तर तो सोडून वाजवत होता, कुणाला कळलं नाही, मला कळलं. बस. मी दीड वर्षानं कुणाच्या तरी समोर रडले. त्यांनी भोपळ्याचे हात तसेच माझ्या डोक्यावर ठेवले आणि प्रार्थना केली, लांबलचक नाही, चार ओळींची, आणि त्यांच्या हाताला आयोडेक्सचा वास येत होता.

पुढच्या रविवारी गेले. मागच्या बाकावर बसले. पेटी सुरू झाली आणि माझा गळा इतका दाटला की तोंडातून शब्द निघेना, पुस्तक हातात, ओळी दिसत नाहीत. शेजारच्या बाईनं, मी तिला ओळखतही नव्हते, न बघताच पुस्तकाच्या खाली हात धरून ते उचलून धरलं आणि गात राहिली. पुढं पन्नास-साठ जण गात होते, काही बेसूर, एक आजोबा तर नेहमीसारखे अर्धी ओळ मागं. आणि तेव्हा मला कळलं की दोन वर्षं मी काय करत होते. घरी म्यूटवर मी गायले नाही तर माझ्या हॉलमधलं गीत थांबायचं, कारण दादा गेल्यावर माणसांतला फक्त माझाच आवाज मला तिथं ऐकू यायचा. इथं मी गायले नाही तरी गीत चाललं होतं. माझ्या वाटचं ते गात होते. माझा विश्वास तेव्हा माझ्याकडं जवळपास नव्हताच, तो त्या लोकांनी सांभाळून ठेवला होता, जसं कुणी गावाला गेलं की शेजारी तुळशीला पाणी घालतात तसं.

म्हणून भाचीला माझं उत्तर हे आहे की संदेश तुला फोनवर मिळेल, प्रार्थना पण मिळेल, माझ्या त्या चार रात्री मी विसरणार नाही. पण तुला स्वतःला गाता येत नाही असा दिवस येईल तेव्हा तुझ्या शेजारी कुणीतरी बसलेलं पाहिजे, आणि तो दिवस आल्यावर शोधायला गेलीस तर मिळणार नाही, त्याच्या आधी पाच-दहा वर्षं कुणाच्या तरी शेजारी बसावं लागतं. बायबलमधलं योहानाचं दुसरं पत्र काढून बघ, एकच अध्याय आहे, शेवटी तो म्हणतो मला पुष्कळ लिहायचं होतं पण कागद आणि शाईनं नको, मी येऊन तोंडोतोंड बोलेन म्हणजे आनंद पूर्ण होईल. पत्र तर त्यानं लिहिलंच की. पण येतो म्हणाला.

आणि हे पण सांगायला हवं की आईच्या बाबतीत मी असं बोलूच शकत नाही. २०२३ ला ती बाथरूममधे पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं तरी चर्चच्या पायऱ्या आता तिला होत नाहीत. तिच्यासाठी फोन म्हणजेच रविवार. नगरची आमची मंडळी आता उपासना लाइव्ह दाखवते, वहिनी टीव्हीला जोडून देते, आई पदर डोक्यावर घेऊन बसते, उभं राहायच्या वेळी वॉकर धरून उभी राहते, घरात कुणी नसलं तरी. महिन्यातून एकदा पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन घरी येतात, बरोबर दोन-तीन बायका येतात आणि एक गीत होतं.

मागच्या महिन्यात मी नगरला गेले होते. वहिनी आईजवळ थांबली आणि मी एकटी चर्चला गेले, आईनं सांगितलं होतं व्हिडिओ कॉल लाव. मी म्हटलं अगं टीव्हीवर दिसतंय की तुला, त्यापेक्षा चांगलं दिसतं. नाही, तू लाव. दादाच्या जागी आता पुतण्या पेटीवर बसतो, अजून शिकतोय. मी खांबाशेजारी बसून फोन व्यासपीठाकडं धरला, पाळकसाहेब, वेदी, फुलं, सगळं नीट फ्रेममधे. पहिलं गीत झालं तसा कानातल्या हेडफोनमधून आईचा आवाज आला.

"अगं ते रोजच दिसतं टीव्हीवर. मागं फिरव फोन. कोण कोण आलंय बघू दे."

मी फोन फिरवला. बाकामागून बाक हळूहळू दाखवत गेले, आणि आई नावं घेत गेली. मास्तरीणबाई, तिची सून, दवाखान्यातली सिस्टर, तो बेकरीवाला आणि त्याच्या दोन्ही मुली, केवढ्या झाल्या. काही बायकांनी बघितलं कोण आहे फोनवर आणि तिथूनच हात हलवला, एकीनं उठून जवळ येऊन स्क्रीनकडं वाकून जय ख्रिस्त केलं. तिसऱ्या बाकाच्या कडेला एक जागा रिकामी होती, तिथं आई थांबली.

"तिथं ती धोंडेवाडीची आजी बसायची. का नाही आली? उपासना झाली की जाऊन बघून ये तिला."